पेल्यातलं पाणी, कुकडीचं पाणी

पाच वर्षांच्या मुलासमोर दोन सारखे पेले ठेवा, दोन्हींत सारखंच पाणी ओता. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओता आणि विचारा, ‘‘आता जास्त कशात?’’ बहुतेक मुलं बेधडक बाटलीकडं बोट दाखवतात. पाणी थेंबभरही वाढलं नाही, हे स्वतः पाहिलेलं असूनही! झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा हा गाजलेला प्रयोग. सहा-सात वर्षांचं झालं की तेच मूल म्हणतं, ‘‘पाणी तेवढंच आहे की!’’ आणि हे बहुधा कुणी शिकवलेलं नसतं.

मधल्या काळात शाळेनं करायचं काय? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ ही वयं एकाच पायाभूत स्तरात आणली: अंगणवाडी-बालवाडीची तीन वर्षं, मग पहिली आणि दुसरी. 2022 मध्ये या स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला, आणि त्याचा सगळा भर खेळावर आहे. ओतणं, सांडणं, कमी-जास्त ताडणं, लहानमोठं लावणं, हाच इथला अभ्यास. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला, पुढं कोसबाडला हीच वाट धरली होती. तीन वर्षांच्या पोराला आकडे गिरवायला बसवण्याची घाई पाहिली की फार वाईट वाटतं. त्याच्या हातांना अजून कितीतरी पाणी ओतायचं असतं.

आणि पुणे जिल्ह्यातल्या येडगावात तर पाण्याच्याच गप्पा. कुकडी नदीवरचं धरण गावच्या नावाचं. ‘आवर्तन कधी सुटणार’ आणि ‘टीएमसी किती उरलं’ हे पोर रांगतं असल्यापासून ऐकत असतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर. एवढा आकडा डोक्यात मावायला वर्षं लागतात, आणि अभ्यासक्रम ती वर्षं देतो. आधी नुसतं कमी-जास्त, मग तिसरी-चौथीच्या सुमाराला लिटर-मिलिलिटर. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघत आलंय, त्यामुळं नकाशा वाचायला शिकायचं तेही आपल्याच जिल्ह्यावर. जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1960 मध्ये हेच मांडलं होतं: विषय तोच, पण दर वेळी एक पायरी वरून.

आठवीत समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ येतं. कालव्याचा आडवा छेद साधारण तसाच, वर रुंद आणि तळाशी अरुंद. पाण्यानं भरलेल्या भागाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा, पाणी सेकंदाला सरासरी किती फूट पुढं जातं त्या वेगानं गुणा, की क्युसेक, म्हणजे सेकंदाला वाहणारे घनफूट, हातात. येडगावहून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडं जातो. त्यावरच्या दोन ठिकाणांचे क्युसेक घेतले आणि मध्ये कुठं चारी फुटत नसली, तर साध्या वजाबाकीनं वाटेत किती पाणी मुरलं याचा अंदाज आठवीतली मुलगी काढू शकते.