सांगितलं की हातचं गेलं?

डॉक्टर, अभियंता, प्राध्यापक, कृषी सेवा केंद्राचा मालक. नांदेड-लातुरात यांच्याकडे अनुभवाची कमी नाही, पण तो चारचौघांत मांडायचा म्हटलं की काही समज आडवे येतात. त्यातले बरेच खोटे आहेत; एखाद-दुसरा मात्र खरा.

समज: विद्या वाटली की धंदा बसतो

याचं उत्तर खुद्द लातूरनं दिलं आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांमुळे गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’ या शिकवण्याच्या पद्धतीत गुपित असं काही नव्हतंच: जादा तास, सुट्टीतही वर्ग आणि सराव परीक्षांचा मारा. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पॅटर्नची नक्कल राज्यभर झाली, नांदेडातही शिकवण्यांची मोठी पेठ उभी राहिली. तरी परजिल्ह्यातले पालक लातुरात मुलांसाठी खोल्या शोधतच आहेत.

नुकसान कधीच होत नाही, असं मात्र नाही. सोयाबीन स्वपरागसिंचित आणि सरळ वाणाचं पीक, त्यामुळे बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नसते. दुकानदारानं हे उघड सांगितलं तर त्याच्या चार पिशव्या कमी खपणारच. तरीही ते सांगणाऱ्याच्याच दुकानात शेतकरी पुढच्या खेपेला औषध विचारायला जातो, असं माझं मत आहे.

समज: डॉक्टर-वकिलांना नियम आड येतात

नियम आहेत, पण ते जाहिरातीला आणि गुपित फोडण्याला आड येतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीनं त्याची केस छापायची तर त्याची परवानगी लागते. ओळख उघड होत नसेल तर लागत नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार कामं मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही, स्वतः लढवत असलेल्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून बोलणंही वर्ज्य. पण वारसाची नोंद कशी लावायची, हे समजावून लिहायला कोणाची हरकत नाही.

समज: लोक उचलतील आणि आपलं नाव जाईल

लेख लिहिल्याक्षणी कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानं तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. संरक्षण शब्दांना असतं, कल्पनेला नाही. म्हणून वर्कशॉपमध्ये एखादं नवं अवजार बनवलं असेल तर ही भीती रास्त आहे: आधी व्हिडिओ टाकला तर ‘नवेपणा’ गेला म्हणून पेटंट नाकारलं जाऊ शकतं. अशा वेळी तात्पुरता अर्ज आधी करावा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात.

समज: ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगून झालं

जूनच्या तोंडावर सहायक कृषी अधिकारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो: घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सहा-सात दिवसांनी मोजा, ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मात्रेनं पेरा, कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. दुसऱ्या दिवशी हे बाजारभाव आणि ‘शुभ सकाळ’खाली गाडलं जातं, आणि पुढच्या जूनमध्ये तोच प्रश्न पुन्हा येतो. जे टिकायला हवं ते शोधल्यावर सापडेल अशा जागी, तारीख आणि तालुका घालून लिहावं. उदगीरचा अनुभव किनवटला लागू पडेलच असं नाही.

मराठी विकिपीडिया २००३ पासून सर्वांना खुला आहे, पण तिथं ‘माझा अनुभव’ हा पुरावा चालत नाही, प्रकाशित संदर्भ लागतो. म्हणून आधी अनुभव कुठं तरी छापून यायला हवा.

समज: लिहायला लेखकच हवा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या, कारण आतला आणि बाहेरचा थर जोडणारे आडवे दगड त्यांत नव्हते. वर माळवदाचं ओझं. पुढे तग धरलेल्या भिंतींत दगड काढून असे सांधे घालायची पद्धत वापरली गेली. तेव्हा चाळिशीत असलेले अभियंते आणि गवंडी आज सत्तरी ओलांडून गेलेत. त्यांच्याकडून लेख मागू नये. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून एकच विचारावं: उभ्या भिंतीतला दगड ती न ढासळता कसा काढायचा, आणि आधी कुठला?