लहान झालेले जठर आणि जैन स्वयंपाकघर

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतताना हाती पडणाऱ्या आहाराच्या तक्त्यात पुष्कळदा कुस्करलेला बटाटा, गाजराचे सूप आणि उकडलेले अंडे असते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात त्या कागदाचा अर्धा भाग पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरतो. मग अंदाजाने काहीतरी शिजू लागते. वास्तविक बटाट्याचे काम कच्चे केळे करते, गाजराचे लाल भोपळा, आणि अंड्याचे पनीर व मुगाची डाळ. हा बदल शस्त्रक्रियेपूर्वीच आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावा.

स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपासमध्ये वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. दोन्हींत जागा थोडी, आणि त्या जागेवर पहिला हक्क प्रथिनांचा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत. म्हणून भाजी आणि फळ पानात परततात ते मागाहून. भाजी म्हणजे पथ्य, फळ म्हणजे हलके, या रूढ समजुतीला येथे मुरड घालावी लागते.

पहिले सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ, मग वाटून एकजीव केलेले, महिन्याभराने मऊ शिजवलेले, आणि कच्ची फळे-कोशिंबीर साधारण दोन महिन्यांनंतर. नेमका दिवस शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावा. आरंभ दुधी, दोडका, लाल भोपळा यांनी करावा : साल व बिया काढून, मऊ शिजवून, दोन चमचे. एका वेळी एकच नवी भाजी. ती दोन दिवस सोसली तर पुढची. फळांत पिकलेली पपई आणि सोलून वाफवलेले सफरचंद आधी. संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा, अननस, शेवग्याची शेंग यांचे चिवट तंतू नीट चावले न गेल्यास जठरात त्यांचा गोळा होऊन अडकू शकतो. त्यांची घाई नको. पालेभाजीही उशिराच येते, त्यामुळे चातुर्मासाचा नियम येथे आड येत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसली तरी बिघडत नाही. डाळ आणि पनीर असतेच.

खरी अडचण पदार्थांची नसून घड्याळाची आहे. डिसेंबरात मुंबईत सूर्योदय ते सूर्यास्त जेमतेम ११ तास मिळतात. नवकारशीची ४८ मिनिटे वजा केली की उरतात १० तास. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी घ्यायचे नाही. चार वेळा खायचे म्हटले तरी चार तास त्यातच जातात. उरलेल्या सहा तासांत दीड लिटर पाणी म्हणजे ताशी २५० मिलिलिटर, तेही घोट-घोट. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे, ते निराळेच. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत हे आपोआप साधत नाही. गादीशेजारी उकळलेल्या पाण्याची बाटली आणि वेळा लिहिलेला कागद ठेवावा लागतो.

एवढे करूनही चौविहार निभत नसेल, तर पहिल्या काही महिन्यांपुरता तो शिथिल करण्याविषयी महाराजसाहेबांना मोकळेपणाने विचारावे. पच्चक्खाणांत आगार असतात. आजारपणात चित्ताची समाधी राखण्यासाठी औषध घेण्याची मुभा त्यांतच येते. उपवास, एकासणे, अठ्ठाई यांचा विचार डॉक्टरांच्या संमतीखेरीज करूच नये. वारंवार उलट्या होत असताना अन्न तुटले तर थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा थोड्या आठवड्यांत संपतो आणि त्याचा आघात मज्जासंस्थेवर होतो. अशा उलट्यांना ‘पित्त झाले’ म्हणून घरी बसणे धोक्याचे आहे.

रसांच्या बाबतीतही सावध असावे. बायपास झालेल्याने फळाचा रस घेतला तर साखर झपाट्याने आतड्यात उतरते. छातीत धडधड, घाम, चक्कर येते. खजूर-मनुकांचेही तेच. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्याच्या सोहळ्यात उसाचा रस पुढे केला जातो, तेव्हा अशा पाहुण्याने हात जोडून नकार दिला तर तो अविनय समजू नये.

आग्रहाचे आणखी एक रूप घरोघरी दिसते. दोन चमचे भाजी आणि अर्धी वाटी डाळ खाऊन माणूस उठला की सासूबाईंना वाटते, स्वयंपाक आवडला नाही. ताट वाढण्याऐवजी लहान वाटी पुढे ठेवली आणि वीस-पंचवीस मिनिटे शांतपणे चावून खाऊ दिले, तर दोन्हीकडचे अवघडलेपण पुष्कळ कमी होते.

राहता राहिली जीवनसत्त्वे. बी-१२, ड आणि इतर पूरके जन्मभर घ्यावी लागतात, आणि पुष्कळ कॅप्सूलांचे वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. डॉक्टरांना सांगून त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतिजन्य वेष्टनाची कॅप्सूल लिहून घ्यावी. कळले की मन खाते म्हणून औषधच बंद करणारे आढळतात. त्यापेक्षा चिठ्ठी बदलून घेणे सोपे.