स्वतःला गुण देऊ नका

लोकांचा आत्मसन्मान वाढवला की गुन्हेगारी, व्यसनं आणि शाळेतली गळती कमी होईल, या आशेने कॅलिफोर्निया राज्याने 1986 मध्ये चक्क एक सरकारी समिती नेमली होती. तेव्हापासून अमेरिकी शाळांत कौतुकाचा सुकाळ वाढत गेला. 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो, याला फारसा पुरावा नव्हता. उलट अभ्यास जमला की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं, असंच बहुतेक ठिकाणी दिसत होतं.

तेव्हा मिशिगन विद्यापीठात असलेल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर यांनी प्रश्नच बदलला. आत्मसन्मान किती आहे हे सोडा, तो कशावर अवलंबून आहे ते पाहा, असं त्यांचं म्हणणं. पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी आठवड्यातून दोनदा, शिवाय उत्तर येईल त्या दिवशी, प्रश्नावली भरून घेतली. प्रवेश मिळाला की आत्मसन्मान वर जाई, नकार आला की खाली येई. ज्यांनी आपली लायकी अभ्यासातल्या यशावर ठरवली होती, त्यांच्यात हे चढउतार सर्वांत मोठे होते.

मग यशाची आणि लोकांच्या मताची पर्वाच सोडून द्यावी का? म्हणायला सोपं आहे. मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी यांच्या मते आत्मसन्मान हा गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखा असतो. लोक आपल्याला किती सामावून घेताहेत, हे तो दाखवतो. टोळीतून बाहेर पडणं म्हणजे जवळपास मरण, अशा काळात माणूस घडला, त्यामुळे हा काटा संवेदनशील असणारच. ‘लोक काय म्हणतात याचा मला काही फरक पडत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनाही लिअरींनी प्रयोगात अनोळखी लोकांचे बरेवाईट शेरे दाखवले. त्यांचाही काटा इतरांइतकाच हलला! समाजमाध्यमांवर बेफिकिरीचे सुविचार टाकून लाइक मोजणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

काटा हलणार हे मान्य केलं, तरी त्यावरून स्वतःची किंमत ठरवायची का, हा प्रश्न उरतोच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं उत्तर इथे सर्वांत रोखठोक वाटतं. कृतीचं मूल्यमापन खुशाल करा, अख्ख्या माणसाचं करू नका. ते स्वतः मुलींशी बोलायला घाबरत. 19 व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन ते एकामागून एक शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलले. भेटायला तयार झाली एकच आणि तीही आली नाही, असं ते सांगत. प्रेमप्रकरण म्हणून हा सपशेल पराभव. पण नकाराने आपण मरत नाही आणि नालायकही ठरत नाही, हे त्यांना कळलं आणि भीती गेली. पुढे 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईत ती रुजवली कि. मो. फडके यांनी, आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती मराठी घरांत पोहोचवली.

स्वतःला गुण द्यायचे नाहीत, तर स्वतःशी वागायचं कसं? मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ आणि रोस व्होंक यांनी 2009 मध्ये 2,000 हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपयशात स्वतःशी मायेने वागणाऱ्यांची स्वतःविषयीची भावना अधिक स्थिर होती आणि दिसणं, यश, इतरांची पसंती यांवर ती कमी टेकलेली होती. नुसता उच्च आत्मसन्मान हे काम तितकं करत नव्हता. हा परस्परसंबंध आहे, कारण-परिणामाचा पुरावा नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

निकालाच्या दिवशी मुलाला किती गुण पडले, हे अवश्य विचारा. कमी पडले असतील तर कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं, यावरही बोला. फक्त ‘तू आहेसच तसा’ हे वाक्य तेवढं टाळा. आणि 90 टक्के पडले तरी टाळा.