स्टिअरिंग जड का झालं?

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातली आपली काही मुलं आता भिवंडीच्या गोडाउनांत फोर्कलिफ्ट चालवतात. मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या एकाचा रात्रपाळीतून फोन आला. "ताई, गाडी वळतच नाय. सुपरवायझर बोलतो, तुलाच चालवता येत नाय." गाडीला काय होतंय हे त्याला नेमकं सांगता येईना, म्हणून दोष त्याच्या माथी आला. हा लेख अशा मुलांसाठी आहे. दुरुस्ती मेकॅनिक करील, पण लक्षण ओळखून सांगणं चालवणाऱ्याच्या हातात असतं.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. बहुतेक डिझेल गाड्यांत स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडा नसतो. स्टिअरिंग फिरवलं की दाबाखालचं तेल मागच्या सिलिंडरमध्ये जातं आणि सिलिंडर चाकं वळवतो. त्यामुळे सरळ जाताना स्टिअरिंगवरची मूठ रोज त्याच जागी दिसेल असं नाही. थोडी सरकली तर तो बिघाड नव्हे.

स्टिअरिंग जड वाटलं तर गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. हवेचे टायर असतील तर हवा पाहा, मग हायड्रॉलिक तेलाची पातळी. त्यानंतर काटे वर उचलून बघा. मेकॅनिकला सर्वांत उपयोगी पडते ती हीच गोष्ट. काटेही हळू उठत असतील तर तेल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप झिजलेला असण्याची शक्यता जास्त. काटे नेहमीसारखे उठतात आणि फक्त स्टिअरिंग जड आहे, तर दोष स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये, सिलिंडरमध्ये किंवा ग्रीसवाचून कोरड्या पडलेल्या किंगपिनमध्ये शोधावा लागतो. स्टिअरिंग धक्के देत असेल आणि तेलाला फेस असेल, तर तेलात हवा शिरली आहे. खडखड आणि ढिलेपणा असेल तर सांधे किंवा बेअरिंग झिजले असतील.

माल उचलल्यावर स्टिअरिंग एकदम हलकं झालं तर मात्र खूश होऊ नका! वजन पुढे गेल्याने मागची चाकं जमिनीवर नीट टेकत नाहीत. माल ताबडतोब खाली ठेवा. दोन टनांची गाडी दोन टन कसेही उचलत नाही. मालाचा मध्य काट्यांच्या उभ्या भागापासून किती अंतरावर चालेल, ते गाडीवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांवर ते 500 मिलिमीटर असतं.

गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून येणारं तेलही कातडीत घुसतं. जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जायचं. गळती पाहायची तर पुठ्ठा पुढे धरा.

त्या मुलाला मी फोनवर विचारलं, "काटे कसे उठतात?" म्हणाला, "ते पण हळूच." गाडीखाली आठवडाभर तेलाचा डाग पडत होता. त्याने पाहिला होता, पण बोलायची भीती वाटली. सकाळी मेकॅनिकला पाइपाचा फाटलेला जोड सापडला. आता तो पाळी सुरू होताना वहीत तारीख, वेळ आणि लक्षण लिहितो, पानाचा फोटो काढून ठेवतो आणि खाली सुपरवायझरची सही घेतो.