कोअरच्या खिशात किती बफर?

वेळेचं गणित

१० गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटची पॅकेट सलग आली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख येतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झच्या एका कोअरने हे सगळं सांभाळायचं, तर तेवढ्यात जेमतेम २०० सायकल मिळतात. प्रत्येक पॅकेट ठेवायला मेमरीतला एक बफर लागतो. दर वेळी तो घ्यायला सगळे कोअर बफरच्या सामाईक पूलपाशी जाऊ लागले, तर निम्मा वेळ एकमेकांची वाट अडवण्यातच जाईल. म्हणून पॅकेट वेगाने हाताळणाऱ्या डीपीडीके या सॉफ्टवेअर-संचात प्रत्येक कोअरला बफरची स्वतःची छोटी कॅश देता येते. इंटेलने सुरू केलेला हा संच २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे.

एक बफर कमी

कॅशची कमाल मर्यादा ५१२ बफर. पण ती लगेच रिकामी होत नाही, साधारण दीडपट, म्हणजे ७६८ पर्यंत फुगते. ८१९१ बफरचा पूल आणि आठ कोअर घ्या. सगळ्या कॅश भरल्या की ६१४४ बफर तिथेच अडकले. उरले २०४७. पॅकेट घेणाऱ्या दोन रांगांना १०२४ प्रमाणे २०४८ हवेत! पाठवणीच्या रांगेत थांबलेले बफर तर अजून धरलेच नाहीत.

फसवा आकडा

एक कोअर पॅकेट घेतो आणि दुसरा पाठवतो, अशा रचनेत बफर असे अडकणं हमखास होतं. बफर पाठवणाऱ्याकडे साचतात, घेणारा मात्र दरवेळी सामाईक पूलकडे हात पसरतो. दुकानात एकाच गल्ल्यात सुटे जमत राहावेत आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक परत पाठवावं, तसं. कारण शोधणारा इथेच चकतो. शिल्लक मोजणारं फंक्शन कॅशमधले बफरही धरतं. त्यामुळे हजारो बफर मोकळे दिसतात आणि तिकडे बफर न मिळाल्याची नोंद ठेवणारा ‘आरएक्स नोएमबफ’ काउंटर वाढतच असतो. तो आधी पाहावा.

मर्यादा ठरवताना

घेण्या-पाठवण्याच्या सगळ्या रांगांची लांबी, त्यात कोअरची संख्या गुणिले कॅशची दीडपट, वर हातातल्या पॅकेटांसाठी थोडी जागा: पूल निदान एवढा हवाच. मेमरी वाढवणं शक्य नसेल, तर कॅश बेधडक कमी करावी. सवयीने ५१२ टाकणं मला धोक्याचं वाटतं.

हैदराबादची दुसरी वाट

हैदराबादेत केंद्र असलेली चिप-कंपनी कॅव्हियम २०१८ साली मार्व्हेलने घेतली. तिच्या ऑक्टिऑन चिपांमध्ये बफरचा पूल हार्डवेअरच सांभाळतं आणि डीपीडीके तो ड्रायव्हरमार्फत वापरतं. पूल संपू शकतो तिथेही, म्हणून रांगांची बेरीज करावीच लागते.