‘चेक’ कधी म्हणायचं?

चेक म्हटलं की आपल्याला आधी बँक आठवते, नाहीतर नवऱ्याच्या शर्टाचं कापड! पण पत्त्यांच्या एका खेळातही चेक असतो आणि आपल्या लहान गावांतल्या कितीतरी मुलांना तो बँकेतल्या चेकपेक्षा जास्त ठाऊक आहे. तो खेळ म्हणजे पोकर.

तुम्ही म्हणाल, या बाईला आता जुगार शिकवायची हौस कुठून आली? सांगते. आमच्या महिला मंडळात आम्ही दोघी-तिघी दर गुरुवारी बसतो. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं सासरचं भांडण, असं काहीबाही घेऊन बायका येतात. मध्यंतरी मोबाइलवरच्या पत्त्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या. एका आईचा मुलगा कॉलेजच्या फीचे पैसे पोकरमध्ये घालवून बसला होता. ती रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, “ताई, हा खेळतो म्हणजे नक्की करतो काय, तेच मला कळत नाही. विचारलं तर म्हणतो, मी उगाच पैसे लावत नाही, चेक करतो. तुला काय कळतंय त्यातलं?”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ज्या गोष्टीतलं आपल्याला काही कळत नाही, त्याबद्दल आपण पोराला नुसतं ओरडू शकतो, बोलू शकत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला, तेव्हा त्याला म्हटलं, बस आणि शिकव. पैसे नाहीत, चिंचोके! मी, माझी लेक, मोठ्या जाऊबाई आणि भाचा असा डाव जमला.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात, ती आपली आपण बघायची. मग मध्यभागी आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पानं सगळ्यांसाठी उघडी मांडतात. आपली दोन आणि ती पाच मिळून ज्याची पाच पानं सरस, त्याचा डाव. दर टप्प्याला पैसे लावायची एक फेरी होते. आपली पाळी आली आणि आपल्याआधी कुणी काही लावलेलं नसेल, तर आपण ‘चेक’ म्हणू शकतो. म्हणजे काही लावत नाही, पण डावही सोडत नाही. बोलायचंही कारण नाही, बोटांनी टेबलावर टकटक केलं की झालं. पुढच्या कुणी पैसे लावले तर मात्र पाळी पुन्हा आपल्यावर येते. तेव्हा तेवढे भरायचे, वाढवायचे, नाहीतर पानं टाकायची. सगळ्यांनीच टकटक केलं, तर पुढचं पान फुकटात उघडतं.

आपल्या तीनपत्तीत ही सोय नाही, बघा. तिथे चाल द्या नाहीतर पॅक व्हा. काही न देता बसून राहायला जागाच नाही. जाऊबाई तीनपत्तीत पटाईत, त्यांना हे भारीच आवडलं. “म्हणजे पाहुण्यासारखं नुसतं बसता येतं की!” म्हणाल्या.

पण बसायचं कधी? आपल्याला वाटतं, पानं वाईट असली की चेक आणि चांगली असली की पैसे. तसं नाहीये. खरी गंमत मधल्या पानांत आहे.

एका डावात जाऊबाईंकडे दोन अठ्ठ्या होत्या. समोर बदाम राजा, किलवर गुलाम आणि चौकट पंजी. जोडी हातात आहे म्हणून त्या दहा चिंचोके पुढे सरकवायला लागल्या. भाचा म्हणाला, “काकू, थांबा. तुम्ही दहा लावलेत तर कोण राहील आणि कोण पळेल?” विचार करा. ज्याच्याकडे राजा किंवा गुलाम आहे त्याची जोडी मोठी, तो हसत हसत दहा भरणार. ज्याच्याकडे काहीच नाही तो पानं टाकून मोकळा. जाऊबाई ताडकन म्हणाल्या, “म्हणजे देणेकरी पळणार आणि घेणेकरी उंबऱ्यात उभे राहणार!” इतक्या सोप्या शब्दांत भाच्यालाही सांगता आलं नसतं. अशा वेळी चेक करायचं. कुणीच काही लावलं नाही, तर शेवटी पानं दाखवताना अठ्ठ्यांची जोडी जिंकूही शकते, आणि हरलोच तर थोडक्यात हरतो.

हे फक्त अनुभवाचं शहाणपण नाही, गणितही आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेले मोठे गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर १९४४ साली खेळांच्या गणितावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात पोकरचं एक साधं, दोघांपुरतं रूप घेतलंय. उत्तर काय आलं, तर अगदी चांगल्या पानांवर पैसे लावा, अगदी टाकाऊ पानांपैकी काहींवरही लावा आणि मधल्यांवर चेक करा. टाकाऊंवर का? कारण ती दाखवून जिंकायची शक्यताच नसते, जिंकली तर समोरच्याला घाबरवूनच. मधली पानं मात्र दाखवण्यासारखी असतात, ती कशाला अंगावर ओढून घ्या!

दुसरं कारण म्हणजे पुढचं पान फुकट मिळतं. माझ्या लेकीकडे दोन इस्पिक होती आणि समोरच्या तिनांत आणखी दोन. एकाच रंगाची पाच झाली की मोठा डाव, म्हणजे एकच कमी. बावन्नातली पाच पानं तिला दिसत होती, न दिसणारी ४७. त्यांत इस्पिकं ९. म्हणजे पुढच्याच पानाला इस्पिक यायची शक्यता शंभरात साधारण १९, आणि पुढची दोन्ही पानं धरून ३५. अर्ध्याहून जास्त वेळा येणारच नाही! मग ते पान फुकटात बघायला मिळत असेल तर बघावं. भाच्याने एवढंही सांगितलं की मुरलेले खेळाडू अशा पानांवर मुद्दाम पैसेही लावतात, कारण सगळे घाबरून पळाले तर इस्पिक न येताच डाव खिशात. पण ते पुढचं शिक्षण.

तिसरं कारण जरा लबाडीचं. पानं जबरदस्त आहेत, पण गप्प टकटक करायचं. समोरच्याला वाटतं, हिच्याकडे काही नाही. तो जोरात पैसे लावतो, आणि मग आपण दुप्पट-तिप्पट करायचे. काही घरगुती डावांत हा प्रकार चालतच नाही, तो खडूसपणा मानतात. यात धोकाही आहेच. समोरच्या पानांत एकाच रंगाची दोन-तीन असतील, किंवा लागोपाठची असतील, तर आपल्या गप्प बसण्याने दुसऱ्याला त्याचं हवं ते पान फुकटात मिळतं. तिथे चांगली पानं घेऊन चेक करणं म्हणजे उतू जायला आलेल्या दुधाकडे पाठ करून बसणं. आणि बऱ्याच स्पर्धांत तर शेवटचं पान उघडल्यावर, शेवटची पाळी तुमची, हातात कुणालाच हरवता येणार नाही असा डाव, आणि तरी तुम्ही चेक केलं तर शिक्षा होते. समोरच्याशी संगनमत आहे असा संशय घेतात!

आता आपल्या बायकांच्या जिव्हाळ्याचं. मारिया कोनिकोव्हा नावाची अमेरिकेतली लेखिका मानसशास्त्र शिकलेली. तिला पोकरचा गंध नव्हता. एरिक सायडेल या नामांकित खेळाडूकडे ती शिकली आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामात एक मोठी स्पर्धा जिंकली. २०२० साली तिने यावर पुस्तक लिहिलं. बाई म्हणून अंगात भिनलेला नमतेपणा टेबलावरही आपल्याबरोबर आला आहे, हे तिला खेळता खेळता उमगलं. समोरचा दांडगाई करतोय आणि आपण माघार घेतोय. मला हे वाचून चुटपुट लागली. चेक करणाऱ्या दोघीजणी दिसायला सारख्याच. एकीने हिशेब केलेला असतो, दुसरी घाबरलेली असते. सराईत भिडूला दोन-चार डावांत फरक कळतो. जी कायम चेक करते आणि कुणी पैसे लावले की पानं टाकते, तिला सगळे मिळून लुटतात. म्हणून चांगल्या पानांवरही मधूनच चेक करावं लागतं, म्हणजे आपल्या टकटकीचा अर्थ कुणाला लागत नाही.

आता त्या मुलाच्या ‘चेक करतो’चा हिशेब. चेक फुकट असतो तो तेवढ्या पाळीपुरता, टेबल फुकट नसतं. डाव सुरू होताना दोघांना आळीपाळीने सक्तीचे पैसे टाकावेच लागतात, एकाला लहान आणि एकाला मोठे. त्यांना ब्लाइंड म्हणतात. त्यामुळे पहिल्या फेरीत मोठा ब्लाइंड टाकणारा सोडून कुणालाच चेक करता येत नाही. समजा सहा जण आहेत आणि ब्लाइंड ५ आणि १० रुपये. सहा डावांत प्रत्येकाचे १५ रुपये गेलेच. तासाला साठ डाव पडले, तर एकाही पानावर खुशीने पैसा न लावता दीडशे रुपये गेले. वर अड्डेवाला किंवा अ‍ॅपवाला जिंकलेल्या रकमेतून आपला वाटा कापतो तो वेगळाच.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. तरी उधारी कायद्याने मिटत नाही, आणि मित्राच्या खोलीवर रात्री पत्ते पिसायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या आईला मी मंडळातच चिंचोके मांडून हे सगळं दाखवलं. दोन गुरुवार लागले. मग तिने घरी मुलाला एवढंच विचारलं, “तुमचा मोठा ब्लाइंड कितीचा होता रे? आणि तासाला डाव किती पडायचे?” पोरगं चमकून बघायलाच लागलं. त्या रात्री दोघं वही घेऊन बसली. आकडा तिला वाटला होता त्याच्या दुपटीहून जास्त निघाला. त्यातले दोन मित्रांचे पैसे अजून द्यायचे आहेत. मुलगा संध्याकाळी एका मोबाइलच्या दुकानात कामाला जातो, आणि महिन्याच्या महिन्याला किती फिटले ते त्याच वहीत स्वतः लिहून आईला दाखवतो.