वास्तूपासून सुटलेली नावे

टाकून दिलेली वस्तू उचलून तिला कलाकृतीचे स्थान देणे, ही विसाव्या शतकातील पाश्चात्त्य कलेची एक प्रसिद्ध रीत होय. आपल्याकडे दिनकर केळकर (कवी ‘अज्ञातवासी’) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांत वाड्यांचे कोरीव दरवाजे व खिडक्याही आल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो पुण्यातील आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारला. १९७५ मध्ये हा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. येथे अलंकरणाला त्याची जागा परत मिळाली. एरवी असे क्वचितच घडते.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने प्रश्न जागेचाच आहे. ‘केळफूल’ किंवा ‘सुरूदार खांब’ ही नावे रूपावरून पडली. वस्तू कोठेही ठेवली तरी ती टिकतात. ‘तळखडा’ हे नाव मात्र स्थानावरून आलेले. तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड. खांब गेला की तो दिवाणखान्यातील कुंडीची बैठक होतो आणि नाव गळून पडते. ‘गणेशपट्टी’ दारावरून निघाली की तिचीही गत हीच. सूचीत ती केवळ ‘कोरीव लाकूड’ म्हणून उरते. (सूचीकाराचा यात दोष थोडाच!)

सोलापुरात वाडा उतरविला जात असेल, तेथे वस्तू हलण्यापूर्वी, ती आहे त्याच जागी तिचे छायाचित्र घ्यावे आणि उतरविणाऱ्या सुताराला तिचे नाव विचारून घ्यावे.